शरीरांतील पाठशाळा

"सर, सीडी-फोर म्हणजे काय?"

हा प्रश्न मला कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यानें विचारला. शाळा सुटली होती, वर्गांतील बांकें रिकामीं झालीं होतीं, आणि तो हातांत एक घडी घातलेला कागद घेऊन दारापाशीं उभा होता. कागद सरकारी रुग्णालयांतील रक्तपरीक्षेचा होता. त्यावर 'सीडी-४' या अक्षरांपुढें १८० हा आंकडा होता. "डॉक्टर म्हणाले, हा वाढला पाहिजे. पण हा आंकडा कशाचा, हें विचारण्याचें धैर्य मला झालें नाहीं," असें तो म्हणाला. मी विज्ञानाचा शिक्षक खरा. परंतु त्या सायंकाळीं मला जें उत्तर देतां आलें तें अर्धेंमुर्धेंच होतें. पुढें वाचन करून, जाणत्यांस विचारून, मीं तें उत्तर जमेल तसें पुरें केलें. तो विद्यार्थी आज दुसऱ्या गांवीं आपल्या पायांवर उभा आहे. त्याच्या अनुमतीनें, परंतु त्याचें नांव व गांव न सांगतां, तें उत्तर मी आज येथें सर्व विद्यार्थ्यांपुढें मांडतों.

आपल्या रक्तांत तांबड्या पेशींबरोबर पांढऱ्या पेशीही वाहत असतात, आणि त्या रोगजंतूंपासून आपलें रक्षण करतात, हें आपण इयत्ता आठवी-नववींत शिकलों आहों. या पांढऱ्या पेशींत अनेक जाति आहेत. त्यांपैकीं एका जातीस 'टी-पेशी' असें नांव आहे. हें 'टी' अक्षर 'थायमस' या ग्रंथीच्या इंग्रजी नांवाचें आद्याक्षर होय. कारण टी-पेशींचें मूळ जरी अस्थिमज्जेंत असलें, तरी त्यांचें शिक्षण या ग्रंथींत होतें. मराठी शास्त्रग्रंथांत थायमसला 'यौवनलोपी ग्रंथि' असें मोठें अर्थपूर्ण नांव दिलेलें आढळतें. यौवन येतांच जी हळूहळू लोप पावूं लागते ती यौवनलोपी.

आपल्या छातीच्या मध्यभागीं जें उभें हाड हातास लागतें, त्याच्या मागें, हृदयाच्या किंचित् वर, ही दोन पाळ्यांची मऊ ग्रंथि असते. नवजात बालकांत तिचें वजन सुमारें एक तोळा भरतें. तें बाळपणीं वाढत जातें. पुढें वय वाढेल तशी ग्रंथींतील पेशींची जागा चरबी घेऊं लागते. म्हाताऱ्या माणसाच्या छातींत तिचा अवशेष शोधून काढावा लागतो. यामुळें पूर्वींचे शरीरशास्त्रज्ञ तिला निरुपयोगी समजत असत. हा समज १९६१ साली दूर झाला. लंडन येथें संशोधन करणारे जाक मिलर हे उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगाचा अभ्यास करीत होते. त्यासाठीं त्यांनीं नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथि काढून टाकली. तेव्हां त्यांस असें दिसून आलें कीं, तीं पिलें कांहीं काळानें खंगत जातात, त्यांच्या रक्तांतील लसीकापेशी फारच कमी होतात, आणि परक्या उंदराच्या कातडीचा तुकडा त्यांच्या अंगावर लावला तर शरीर त्यास विरोध करीत नाहीं. मोठ्या उंदराची ग्रंथि काढली असतां मात्र एवढा अनर्थ त्वरित दिसत नसे; कारण त्याच्या पेशी आधींच शिकून बाहेर पडलेल्या असत. जी ग्रंथि निरुपयोगी मानली होती, ती शरीराची पाठशाळा ठरली.

या पाठशाळेंतून बाहेर पडणाऱ्या टी-पेशींत दोन मुख्य वर्ग आहेत. पहिला वर्ग मारक पेशींचा. शरीराची जी पेशी विषाणूनें आंतून ग्रासली असेल, तिला शोधून ठार करणें हें त्यांचें काम. दुसरा वर्ग साहाय्यक पेशींचा. या स्वतः सहसा मारीत नाहींत. त्या इतर पांढऱ्या पेशींस संदेश देतात, प्रतिद्रव्यें तयार करणाऱ्यांस जागें करतात, जंतू गिळणाऱ्यांस बळ देतात. लढाईंत जसे शिपाई आणि सुभेदार, तसें हें कांहींसें म्हणतां येईल. दोन्ही वर्गांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं अगदीं सारख्या दिसतात. त्यांची ओळख पटते ती त्यांच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनावरून. साहाय्यक पेशीवर सीडी-४ नांवाचें प्रथिन असतें, मारक पेशीवर सीडी-८ नांवाचें. कागदावरचा तो १८० हा आंकडा म्हणजे रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्यें त्या मुलाच्या साहाय्यक पेशी किती आहेत, त्याची मोजणी होती. निरोगी मोठ्या माणसांत हा आंकडा साधारणतः ५०० पासून १५०० पर्यंत असतो.

आतां खरा प्रश्न पुढें येतो. एकाच अस्थिमज्जेंतून आलेल्या, एकाच ग्रंथींत वाढलेल्या या पेशींपैकीं कोणी साहाय्यक व्हावें आणि कोणी मारक, हें कोण ठरवितें? हा प्रश्न वरवर लहान दिसला तरी शास्त्रज्ञांस त्यानें अनेक वर्षें गुंतवून ठेविलें. त्याचें उत्तर समजण्यासाठीं आधीं टी-पेशी पाहते कशी, हें समजून घेतलें पाहिजे.

टी-पेशीला मोकळा जंतू ओळखतां येत नाहीं. तिच्या अंगावर 'ग्राही' नांवाचें एक पारखणारें प्रथिन असतें. हें ग्राही, दुसऱ्या पेशीनें जणूं तबकांत मांडून दाखविलेला प्रथिनाचा बारीक तुकडा तेवढा पारखतें. हीं तबकें म्हणजे एमएचसी या नांवानें ओळखले जाणारे रेणू. रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी या दोघांनीं ऑस्ट्रेलियांतील कॅनबेरा येथें १९७४ साली असें दाखविलें कीं, मारक पेशी परका तुकडा आणि आपल्या शरीराचें तबक हीं दोन्हीं एकत्र पाहिल्याशिवाय हल्ला करीत नाहींत. या शोधाबद्दल त्यांस १९९६ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

तबकेंही दोन वर्गांचीं आहेत. पहिल्या वर्गाचें तबक शरीराच्या बहुतेक सर्व पेशींवर असतें, आणि पेशीच्या आंत जें तयार होतें त्याचे नमुने तें बाहेर मांडतें. पेशींत विषाणू शिरला तर त्याचे तुकडे याच तबकावर येतात. म्हणून मारक पेशीनें हें तबक पाहणें युक्त. कारण विषाणू कोणत्याही पेशींत शिरूं शकतो. दुसऱ्या वर्गाचें तबक मात्र मुख्यतः कांहीं विशेष पेशींवरच असतें, आणि त्या पेशींनीं बाहेरून जें गिळलें त्याचे तुकडे त्यावर मांडलेले असतात. साहाय्यक पेशीनें हें दुसरें तबक पाहावयाचें. कारण कोणास मदत पाठवावयाची, हें तिला त्यावरून कळतें. सीडी-८ हें प्रथिन पहिल्या वर्गाच्या तबकास धरतें, सीडी-४ हें दुसऱ्या वर्गाच्या तबकास. म्हणून ज्या पेशीचें ग्राही पहिल्या तबकाशीं जुळतें तिनें सीडी-८ ठेवून मारक व्हावें, आणि ज्या पेशीचें दुसऱ्या तबकाशीं जुळतें तिनें सीडी-४ ठेवून साहाय्यक व्हावें, हें नितांत आवश्यक आहे. यांत गफलत झाली तर डोळे एकीकडे आणि हात दुसरीकडे, अशी पेशीची अवस्था होईल.

आतां पाठशाळेंत जाऊं. अस्थिमज्जेंतून ग्रंथींत येणाऱ्या कोवळ्या पेशीच्या अंगावर आरंभीं सीडी-४ ही नसतें आणि सीडी-८ ही नसतें. ग्रंथींतील आधारपेशी तिला 'नॉच' नांवाच्या संदेशाच्या द्वारें प्रथम एवढेंच सांगतात कीं, तूं टी-पेशी हो. मग ती पेशी आपल्या ग्राहीच्या जनुकाचे तुकडे कापून नव्या रीतीनें जोडते. हें जोडकाम पुष्कळ अंशीं यदृच्छेनें होतें. यामुळें प्रत्येक पेशीचें ग्राही निराळें निघतें, आणि पूर्वीं कधीं न पाहिलेल्या रोगजंतूसही ओळखणारी एखादी पेशी शरीरांत सांपडते. परंतु यदृच्छेनें बनविलेलें हत्यार उपयोगाचें असेलच असें नाहीं, आणि तें स्वकीयांवरच चालणार नाहीं याचीही खात्री नसते. म्हणून पुढें परीक्षा आहेत.

या सुमारास पेशीच्या अंगावर सीडी-४ आणि सीडी-८ हीं दोन्हीं प्रथिनें एकदम प्रगट होतात. ही तिची संधिकाळाची अवस्था होय. या अवस्थेंत तिला तीन-चार दिवसांचाच अवधि असतो. तेवढ्यांत तिच्या ग्राहीनें ग्रंथींतील एखाद्या तबकास हलकेंच कां होईना, धरलें पाहिजे. ज्यांस तें साधत नाहीं त्या पेशी मरतात. बहुसंख्य पेशींचा शेवट असाच होतो. ज्या पेशी स्वकीय तुकड्यास फार घट्ट धरतात, त्यांपैकींही पुष्कळ नष्ट केल्या जातात. कारण त्या बाहेर पडल्या तर आपल्याच शरीरावर उठतील. या परीक्षेसाठीं ग्रंथींत मोठी नवलाची तयारी असते. तेथील कांहीं पेशी, शरीरांतील दूरदूरच्या अवयवांचीं प्रथिनें थोड्या प्रमाणांत स्वतः तयार करून विद्यार्थिनी पेशींपुढें मांडतात. या व्यवस्थेचें एक प्रमुख जनुक १९९७ साली ओळखलें गेलें; तें बिघडलेल्या मुलांत शरीर स्वतःच्याच अनेक ग्रंथींचा नाश करूं लागतें. या सर्व कसोट्यांतून शेंकडा दोन-चार पेशीच जिवंत बाहेर पडतात.

या थोडक्या उत्तीर्ण पेशींची वाट कशी ठरते, याविषयीं आरंभीं दोन पक्ष होते. पहिला पक्ष म्हणे, पेशीस आज्ञा मिळते. पहिल्या तबकाची गांठ पडली तर 'मारक हो' आणि दुसऱ्याची पडली तर 'साहाय्यक हो', असा निराळा निराळा संदेश तिला पोंचतो. दुसरा पक्ष म्हणे, तसें नाहीं. पेशी आपली वाट यदृच्छेनें धरते. नाणें उडवावें त्याप्रमाणें ती सीडी-४ किंवा सीडी-८ टाकून देते. तें ग्राहीशीं जुळलें तर वांचते, न जुळलें तर मरते. १९८८ साली हाराल्ड फॉन बोमर व त्यांचे सहकारी यांनीं, पहिल्या तबकाशीं जुळणारें एकच ग्राही ज्यांच्या पेशींत आधींच घातलेलें आहे, असे उंदीर तयार केले. योग्य तबक असलेल्या उंदरांत तें ग्राही धारण करणाऱ्या पेशी परिपक्व होऊन सीडी-८ च्या वाटेनें गेल्या. वाट ग्राहीवर अवलंबून आहे, हें यावरून ठरलें. परंतु चुकीची वाट धरलेल्या पेशी मध्येंच मरून गेल्या, कीं मुळांत कोणी चुकलेंच नाहीं, हें त्यावरून ठरेना.

पुढें संदेशाच्या बळाचा विचार पुढें आला. पेशीच्या आंत 'एलसीके' नांवाचें एक विकर संदेश पुढें नेतें, आणि तें सीडी-४ च्या शेपटास सीडी-८ पेक्षां अधिक दृढ चिकटून असतें. तेव्हां जोराचा संदेश म्हणजे साहाय्यक, सौम्य संदेश म्हणजे मारक, असें कांहींनीं मानलें. यांत कांहीं तथ्यांश आहे. तथापि आज ज्या उपपत्तीस बळकट आधार आहे ती २००० साली अमेरिकेंतील आल्फ्रेड सिंगर यांच्या प्रयोगशाळेनें पुढें मांडली. तिचें मर्म संदेशाच्या जोरापेक्षां त्याच्या टिकण्यांत आहे. ती मी आपल्याकडील एका दृष्टांतानें सांगतों.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत उन्हाळ्यांत विहिरींचें पाणी तळास जातें, आणि दोर लांब सोडून पाणी शेंदावें लागतें. समजा, एक मुलगा दोन्हीं हातांनीं दोर धरून भरलेली बादली ओढीत आहे. त्याचा कोणता हात खरोखर भार पेलीत आहे, हें बाहेरून कळत नाहीं. तें कळण्याचा सोपा उपाय म्हणजे त्यास सांगावें, "उजवा हात किंचित् सैल कर." दोर तसाच ताठ राहिला तर भार डाव्या हातावर आहे, मग उजवा हात काढून घेतला तरी चालेल. परंतु दोर सुटूं लागला तर भार उजव्यावरच होता. मग तत्काळ उजव्यानें पुन्हां धरावें आणि डावा सोडावा.

ग्रंथींतील पेशी अगदीं हेंच करते. डावा हात सीडी-४, उजवा सीडी-८. ग्राहीनें कोणतेंही तबक धरलें, मग तें पहिलें असो वा दुसरें, पेशी प्रथम सीडी-८ चेंच जनुक बंद करते. मग ती पाहते कीं, संदेश चालूच आहे काय? तबक दुसऱ्या वर्गाचें असेल तर त्यास सीडी-४ धरून आहे. सीडी-८ गेल्यानें कांहीं बिघडत नाहीं, संदेश अखंड राहतो, आणि पेशी साहाय्यक होते. तबक पहिल्या वर्गाचें असेल तर सीडी-८ कमी होतांच संदेश खंडित होतो. ती खंडित होण्याची खूणच पेशीस मार्ग दाखविते. इंटरल्यूकिन-७ नांवाचें पोषक द्रव्य त्या वेळीं तिला जगवितें. ती सीडी-४ बंद करते, सीडी-८ पुन्हां उघडते, आणि मारक होते. म्हणजे पेशी आधीं चांचपून पाहते व मग निश्चय करते.

निश्चय झाला म्हणजे तो पक्का करावा लागतो. नाहीं तर आज साहाय्यक आणि उद्यां मारक, असा घोळ व्हावयाचा. हें पक्केपण आणणाऱ्या दोन प्रथिनांचीं नांवें 'थपॉक' आणि 'रन्क्स-३' अशीं आहेत. यांतील पहिल्याचा शोध कसा लागला तें सांगण्यासारखें आहे. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें डीटमार कॅप्स यांच्या प्रयोगशाळेंत आपोआप उद्भवलेले कांहीं उंदीर आढळले. त्यांच्यांत साहाय्यक पेशी जवळजवळ नव्हत्याच. १९९८ साली त्यांचें वर्णन प्रसिद्ध झालें. दुसऱ्या तबकाशीं जुळणारीं ग्राही असलेल्या त्यांच्या पेशी मरत नव्हत्या. त्या चुकीच्या वाटेनें जाऊन सीडी-८ धारण करीत होत्या. पुढें २००५ साली असें कळलें कीं, त्या उंदरांत थपॉकच्या जनुकांतील एकच अक्षर बदललें होतें. उलट, पहिल्या तबकाशीं जुळणाऱ्या पेशींत थपॉक मुद्दाम घातलें, तर त्याही साहाय्यकांच्या वाटेनें जातात. संदेश अखंड राहिला म्हणजे थपॉक वाढतें आणि तें रन्क्स-३ ला दाबून ठेवतें. संदेश खंडित झाला म्हणजे रन्क्स-३ वाढतें, आणि तें थपॉकला दाबून सीडी-४ चें जनुक बंद करतें. एका पेढीवर दोन मुनीम असावेत आणि जो आधीं गादीवर बसेल त्यानें दुसऱ्याच्या वह्या कुलुपांत घालाव्यात, असा हा प्रकार आहे.

याशिवाय एक तिसरी वाटही आहे. स्वकीय तुकड्यास बऱ्यापैकीं घट्ट धरणाऱ्या कांहीं सीडी-४ पेशी मारल्या न जातां शांतिरक्षक होतात. इतर टी-पेशी आपल्याच शरीरावर उठूं लागल्या तर त्यांस त्या आवरतात. जपानांतील शिमोन साकागुची यांनीं १९९५ साली या पेशी ओळखून दाखविल्या, आणि मेरी ब्रंकाऊ व फ्रेड रॅम्सडेल यांनीं २००१ साली त्यांचें मुख्य जनुक शोधून काढलें. या तिघांस २०२५ चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें.

कोणी म्हणेल, उंदरांच्या या गोष्टींचा आपल्या मुलाबाळांशीं काय संबंध? तो संबंध मुंबईंतील परळ येथें पाहावयास मिळतो. तेथें के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारांत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था आहे. १९५७ साली रक्तगटांच्या कामासाठीं तिचा आरंभ झाला. आज ज्या बालकांची रोगप्रतिकारशक्ति जन्मतःच अपुरी असते, त्यांच्या रक्ताची परीक्षा तेथें होते. टी-पेशींवर रंगीत प्रकाश देणारीं प्रतिद्रव्यें चिकटवून, त्या एकेक करून लेसरच्या किरणापुढून नेल्या म्हणजे यंत्र सीडी-४ किती व सीडी-८ किती हें मोजून देतें. अशा बालकांचे जे प्रकार जगभर आढळले आहेत, त्यांत वर सांगितलेला नियमच जणूं निसर्गानें स्वतः लिहून दाखविला आहे. ज्यांच्यांत दुसऱ्या वर्गाचें तबकच तयार होत नाहीं, त्यांच्या रक्तांत सीडी-४ पेशी फार थोड्या असतात. ज्यांच्यांत पहिल्या वर्गाचें तबक उणें आहे, त्यांच्यांत सीडी-८ पेशी कमी. आणि संदेश पुढें नेणारें 'झॅप-७०' हें प्रथिन ज्यांच्यांत नसतें, त्यांच्या रक्तांत सीडी-८ पेशी जवळजवळ नसतातच. सीडी-४ पेशी संख्येनें असतात, परंतु त्यांस काम करतां येत नाहीं. हा शेवटचा दोष १९९४ साली ओळखला गेला.

यांतून व्यवहारांत लक्षांत ठेवण्याजोग्या दोन गोष्टी निघतात. ज्या बालकास वारंवार न्यूमोनिया होतो, तोंडांतील पांढरा चट्टा औषधानेंही जात नाहीं, वजन वाढत नाहीं, किंवा जन्मल्यावर दिलेल्या क्षयाच्या लशीची गांठ बरी होण्याऐवजीं पसरत जाते, त्यास दृष्ट लागली म्हणून घरीं ठेवूं नये; बालरोगाच्या जाणत्या डॉक्टरकडे त्वरित न्यावें. ज्या घरीं पूर्वीं एखादें मूल असेंच दगावलें असेल, तेथें तर विलंब करूंच नये. दुसरी गोष्ट अशी कीं, यांतील पुष्कळ दोष आई व बाप या दोघांकडूनही सदोष जनुक आलें म्हणजेच प्रगट होतात. मामाच्या मुलीशीं किंवा तशाच जवळच्या नात्यांत लग्न करण्याची चाल आपल्याकडे अनेक घराण्यांत आहे. तेथें अशा दोन जनुकांची गांठ पडण्याचा संभव वाढतो.

आतां त्या मुलाच्या कागदाकडे वळतों. त्याची ग्रंथि जन्मतः निर्दोष होती, त्याच्या पेशींनीं वाटही बरोबर निवडली होती. परंतु एड्सचा विषाणू पेशींत शिरण्यासाठीं सीडी-४ याच प्रथिनास धरतो. साहाय्यक पेशीची जी ओळख, तीच त्या विषाणूची दाराची कडी. म्हणून या रोगांत साहाय्यक पेशी घटत जातात, आणि सुभेदार नाहींसे झाले म्हणजे सैन्य असूनही निरुपाय होतो. आंकडा २०० च्या खालीं गेला म्हणजे क्षयासारखे रोग त्वरित शिरकाव करतात. हा रोग त्या मुलास जन्मतः आईकडून आलेला होता; त्यांत त्याचा किंवा त्याच्या आईचा कसलाही अपराध नव्हता.

आपल्या देशांत सरकारनें विषाणूचा जोर रोखणारीं औषधें मोफत देण्यास १ एप्रिल २००४ पासून आरंभ केला. पुण्याजवळ भोसरी येथें १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नांवानें स्थापन झालेली संस्था या रोगाचा अभ्यास करीत आली आहे. पूर्वीं सीडी-४ चा आंकडा ठराविक मर्यादेखालीं गेल्यावरच औषध सुरू होई. २०१७ पासून आंकडा कितीही असो, निदान होतांच औषध देण्याचें धोरण आहे. औषध नियमित घेतलें तर विषाणू दबून राहतो, आणि मग ग्रंथीस नव्या पेशी शिकवून पाठविण्यास अवसर मिळतो. येथें त्या मुलाचें वयच त्याच्या साहाय्यास आलें. ज्याची ग्रंथि अद्याप लोपली नाहीं अशा मुलांत नव्या साहाय्यक पेशी प्रौढांपेक्षां अधिक जोमानें भरून येतात. तिसऱ्या वर्षीं त्यानें मला दुसरा कागद आणून दाखविला. त्यावर ५४० हा आंकडा होता.

परंतु या हकीकतींत माझीही एक चूक आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. त्याच्या आजाराची कुजबुज वर्गांत पसरली तेव्हां, इतर मुलांनीं त्यास त्रास देऊं नये म्हणून मींच त्यास खिडकीजवळचें एक वेगळें बांक दिलें. माझा हेतु दयेचा होता. परिणाम असा झाला कीं, ज्यांच्या मनांत भय नव्हतें त्यांच्याही मनांत तें शिरलें. गुरुजींनींच दूर बसविलें, तेव्हां कांहीं तरी असलेंच पाहिजे, असें मुलें म्हणूं लागलीं. माठापाशीं त्याचा पेला निराळा झाला. एके दिवशीं तो मला म्हणाला, "सर, मला माझ्या आधींच्याच बांकावर बसूं द्या." त्या वेळीं मला जाणवलें कीं, मला विज्ञानाचें पुस्तक माहीत होतें, परंतु त्यांतील एक वाक्य मीं वर्गांत मोठ्यानें उच्चारलें नव्हतें : हा विषाणू शेजारीं बसल्यानें, हात धरल्यानें, एका माठांतील पाणी प्याल्यानें किंवा एकत्र खेळल्यानें पसरत नाहीं. दुसऱ्या दिवशीं मीं त्याचें नांव न घेतां तेवढेंच शिकविलें, आणि त्यास जुन्या जागीं बसविलें. मुलें समजूतदार असतात; महिन्याभरांत माठावरचा निराळा पेला नाहींसा झाला.

मीं या लेखांत ग्रंथीस पाठशाळा म्हटलें आहे. हा दृष्टांत एका ठिकाणीं सोडून दिला पाहिजे. त्या पाठशाळेंत शंभरांतील शहाण्णव-सत्त्याण्णव विद्यार्थी नापास होतात आणि नापास झालेला जगत नाहीं; शरीराच्या रक्षणासाठीं तें तसेंच असावें लागतें. आपल्या शाळेचा धर्म तो नव्हे. दहावीनंतर शाखा निवडतांना कित्येक पालक, मुलाचा कल कोठें आहे हें न पाहतां, त्यास एका वाटेवर लोटून देतात, आणि एकदां पाऊल चुकलें म्हणजे सर्व बुडालें असें मानतात. एवढीशी पेशीसुद्धां आधीं एक हात सैल करून पाहते, दोर सुटूं लागला तर पुन्हां धरते, आणि मगच निश्चय करते. मुलांस तेवढी तरी सवड आपण द्यावी.

आणि विद्यार्थिमित्रहो, ज्या कागदावरचा एखादा शब्द किंवा आंकडा तुम्हांस समजत नाहीं, तो घेऊन दारापाशीं उभे राहण्यास लाजूं नका. त्या मुलानें तो प्रश्न विचारला नसता, तर त्याच्या गुरुजींसही हा धडा मिळाला नसता.